अक्कांचा निष्कर्ष

लातुरात आमच्या खालच्या मजल्यावर अक्का राहतात. त्यांच्या दारातून ‘जातो’ म्हणून आजवर कोणी सुटलेलं नाही. तसं म्हणालात की तुम्हाला परत आत बोलावतात, बसवतात, हातावर काहीतरी खायला ठेवतात आणि म्हणतात, “आता नीट म्हणा.” ‘येतो’ म्हटल्याशिवाय सुटका नाही. गॅसची टाकी आणणारा माणूस एकदा असाच दोनदा चहा पिऊन गेला.

मी बँकेतला, नांदेडहून बदली होऊन आलेला. अक्का मूळच्या उदगीरच्या. डॉक्टरकीच्या तयारीला आलेल्या पोरांसाठी त्या मेस चालवतात. लग्नात सुटलेलं शिक्षण त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा धरलं, बी.ए. केलं आणि थेट समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसल्या. शेवटी एक प्रबंधिका लिहायची होती. विषय घेतला, ‘शिक्षणासाठी लातुरात आलेल्या मुलांच्या आहाराच्या सवयी’. लिहिलेलं तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण बँकवाले चुका काढण्यात तरबेज असतात असा त्यांचा समज. मेहनताना म्हणून धपाटे आणि दही मिळायचं, त्यामुळे मी तो समज दूर केला नाही.

पहिलं प्रकरण वाचून मी गारच पडलो. ‘हदगावचं पोरगं लई गुणाचं हाय, पण वांगं बघितलं की तोंड फिरवतंय. आईनं लाड केलेत.’ खाली तळटीप: ‘आईला फोनवर विचारलं. कबूल झाली.’ संदर्भसूचीत सगळ्या आयाच होत्या, गावांसकट. चाकूरच्या आईपुढे फुली मारून लिहिलं होतं, ‘हिच्यावर भरवसा ठेवू नये. माझ्या पोराला सगळं आवडतं म्हणते.’

मार्गदर्शक मॅडमनी लाल शाईत शेरा दिला, ‘तटस्थ लिहा. माया नको.’

“भाऊ, माया काढली तर ह्यात राहतंय काय?” अक्का हिरमुसून म्हणाल्या. “आळणी व्हईल की सगळं.”

पण बाई जिद्दीच्या. त्यांनी तटस्थपणाचा सराव सुरू केला, तोही तोंडी, मेसमध्ये वाढता वाढता. “प्रस्तुत विद्यार्थ्यानं वरण टाकलेलं दिसून येतंय,” असं म्हणत पंगतीतून फिरायच्या. पोरं घाबरून ताटं चाटूनपुसून ठेवायला लागली. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “भाऊ, प्रस्तुत संशोधिकेचा गॅस संपलाय.” ती टाकी मीच लावून दिली.

लिखाण मात्र खरंच सुधारलं. वाक्यं आटोपशीर झाली. ‘लई’ गेलं, ‘गुणाचं’ गेलं, चाकूरच्या आईपुढची फुलीसुद्धा गेली. मॅडमनी ‘छान’ लिहिलं त्या दिवशी सगळ्या मेसला शेवयाची खीर मिळाली.

अडलं ते शेवटच्या प्रकरणाशी, निष्कर्षाशी. तो जोडल्याशिवाय विद्यापीठ प्रबंधिका घेणार नव्हतं आणि अक्कांचं वर्ष वाया जाणार होतं. मी रोज मागे लागायचो.

“निष्कर्ष म्हंजे विषय संपला म्हणायचं न्हवं?” त्या म्हणायच्या. “कसं म्हणू? पोरं तर अजून जेवायलेत की.”

डॉक्टरकीची परीक्षा झाली. पोरं बॅगा भरून निघाली. एकेक जण पाया पडून “अक्का, येतो” म्हणत होता, इतकं ते पक्कं झालेलं. अक्का हसत होत्या, प्रवासाचे डबे देत होत्या. दुपारपर्यंत मेस रिकामी झाली. प्रबंधिका द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, एक पान हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

‘निष्कर्ष: सर्व विद्यार्थी निघताना “येतो” म्हणाले. मागील वर्षांचे विद्यार्थीही असेच म्हणाले होते. त्यांपैकी कोणी आल्याचे आढळले नाही. तरीही दरवर्षी परीक्षेनंतर बरेच दिवस प्रस्तुत संशोधिका पीठ नेहमीइतकेच मळते. याचे कारण समजू शकले नाही. पुढील संशोधनास वाव आहे.’

खोडण्यासारखा एक शब्द नव्हता. पान टेबलावर ठेवलं, पेन खिशात घातलं आणि दारापर्यंत जाऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “अक्का, बरोबर आहे सगळं. जातो मी.”

“परत या आत,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “बसा. भाकरी टाकलीय.”