टाकीसोबत येणारं माणूस

शर्यतीत गाडीचा वेग वाढवणाऱ्या नायट्रस वायूची वापरलेली टाकी विकत घेतली, की आधीच्या मालकाची घरी वाट पाहणारं माणूसही तिच्यासोबत येतं. नव्या टाकीसोबत कुणी येत नाही. म्हणून कोल्हापुरात इब्राहिम मुल्लांच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गर्दी असते आणि समोरच्या काचेच्या शोरूममधला माणूस माश्या मारत बसतो.

वसंत शिंत्रे शर्यतीत कधी उतरला नव्हता. त्याची गाडी साठाच्या पुढे गेली की दारं खुळखुळायची. तो फौंड्रीत तपासनीस होता. ओतकामातले चिरलेले नग बाजूला काढण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. संध्याकाळी घरी येऊन तो स्वतःच कुलूप काढायचा, स्वतःच दिवा लावायचा. उशीर झाला तरी तो कुणाच्या लक्षात यायचा नाही, आणि हेच त्याला आतून खात होतं.

मुल्लांनी त्याला रीतसर सगळं समजावलं. टाकीच्या मानेवर दाबचाचणीचा शिक्का असतो, तो पाच वर्षांच्या आतला हवा. नळी वाकवून भेगा बघायच्या, झडप साबणाच्या पाण्यानं तपासायची, टाकी थंड पडली म्हणून तिला कधीही आच दाखवायची नाही. हे झालं की माणूस बघायचं. किती वेळ थांबतं, कुरकुर करतं का, आधी जेवून घेतं का.

टाकीशेजारच्या स्टुलावर शंकरअण्णा नलवडे बसले होते, एसटीचे निवृत्त कंडक्टर. मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं गाडीतली नायट्रसची सगळी जोडणी काढून विकायला ठेवली, तिच्यासोबत तेही आले. वसंत शिक्का बघायला वाकला, एवढ्यात अण्णा म्हणाले, "उशीर केलासा."

गेल्या वीसेक वर्षांत वसंताला असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं शिक्का बघितलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक नग न तपासता पास केला.

टाकी डिकीत बसली. तिची झडप वसंतानं कधी उघडली नाही. अण्णा सहा वाजता दारात खुर्ची टाकायचे. गाडी फाटकाशी आली की वाटीवर एकदा चमचा वाजवायचे. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मग दोघं गुमान जेवायचे. पुढे पुढे वसंत काम संपलं तरी फौंड्रीच्या फाटकापाशी उगाच अर्धा तास काढू लागला. कुणी आपली वाट बघतंय, हे सुख त्याला पुरवून पुरवून वापरायचं होतं.

एका रविवारी टाकी पुसताना मानेवरचा रंग सुटला आणि खालचा शिक्का दिसला. तो अकरा वर्षांपूर्वीचा होता. रंगाचा एक हात मारला असता तर विषय संपला असता. पण गाडी लागायची ती अण्णांच्या खुर्चीपासून दोन हातांवर, आणि टाकी फुटली असती तर आधी अण्णाच गेले असते. वसंत रात्रभर जागा राहिला आणि सकाळी टाकी चाचणीला देऊन आला.

चाचणीत टाकी फुगली. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून रिवाजाप्रमाणे तिला भोक पाडण्यात आलं.

"टाकी बाद, म्हंजे अण्णाबी बाद," मुल्ला खाली बघत म्हणाले. "माझ्या हातात काय न्हाई, वसंतराव."

मुलगा येऊन अण्णांना घेऊन गेला. त्याच्याकडे आठव्या मजल्यावर दार आपोआप लागतं आणि ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असते, त्यामुळे तिथे वाट बघायचं काम नाही. निघताना अण्णांनी खिडकीतून हात काढून गाडीच्या टपावर दोनदा टकटक केलं.

मुल्लांनी दुसऱ्या टाक्या दाखवल्या. वसंत नको म्हणाला. कोपऱ्यात एक टाकी तीन वर्षं पडून होती. शिक्का ताजा, नळी धड, पण तिच्या मालकाचं घरी कुणीच नव्हतं, म्हणून ती खपत नव्हती. वसंतानं ती फिरवून फिरवून तपासली.

"हिच्यासोबत जायला माझं नाव चढवून घ्या," तो म्हणाला.

मुल्लांनी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले, उत्तरं चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी झडपेला बांधली. वसंतानं रजा टाकली आणि तो स्टुलावर बसू लागला.

चौथ्या दिवशी एक तरुण मुलगी आली. नखांत ग्रीस होतं. तिनं आधी शिक्का बघितला, मग नळी वाकवली, मग झडपेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघत राहिली. वसंताला बरं वाटलं. सगळं झाल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"मला कदी कदी लई उशीर होतो, काका. तुमी जेवून घ्याल न्हवं?"

"न्हाई," वसंत म्हणाला. "थांबतो."

मुल्लांनी तशी नोंद केली आणि टाकी तिच्या गाडीत ठेवली. वसंतानं पत्ता विचारून घेतला आणि रिक्षा केली. तिच्या आधी पोचायला हवं होतं.