अध्यक्षांची फिरती तबकडी

"यंत्र नीट चाललं पाहिजे हं भिंगरे, नाहीतर खोली गेलीच म्हणून समज!" मुख्याध्यापिका बाईंनी भिंगरीला पुन्हा बजावलं.

शाळेमागची ती अंधारी खोली संस्थेच्या अध्यक्षांनीच फीत कापून, फोटो काढून मुलींच्या चित्रमंडळाला दिली होती. आता ती त्यांना स्वतःच्या कार्यालयासाठी हवी होती. त्यांची मर्जी वळवायला भिंगरीने हलत्या चित्रांचं जुन्या धाटणीचं यंत्र बनवलं होतं. मागे दिवा, पुढे भिंग आणि मध्ये चित्रं रंगवलेली काचेची तबकडी. दांडा फिरवला की भिंतीवर माणसं हलायची, अगदी जिवंत!

चित्रात अध्यक्ष शिवणवाल्या मावशींना शिलाई मशीन देताहेत, तो गाजलेला प्रसंग होता. पण देणं अर्ध्या तबकडीतच उरकलं. उरलेल्या जागेत काय काढायचं? घाईघाईत भिंगरीने तीच चित्रं उलट्या क्रमाने रंगवून टाकली. गोल तर पुरा झाला!

सभागृहात अंधार झाला. भिंतीवर अध्यक्षांनी हसत हसत मशीन पुढे केलं. टाळ्या! मग तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने ते ओढून घेतलं. टाळ्या थांबल्या. पुन्हा दिलं, पुन्हा घेतलं.

"अगं बाई, हुबेहूब!" शिवणवाल्या मावशी मागच्या रांगेतून ओरडल्या. "फोटो होईस्तोवरच होतं हो माझ्याकडे!"

सभागृहात हशा उसळला.

"थांबव ते!" बाई किंचाळल्या. भिंगरीने दांडा सोडला. तबकडी थांबली खरी, पण दिव्याच्या धगीने रंग वितळू लागला आणि भिंतीवरच्या अध्यक्षांचं नाक मिशीवर उतरलं.

"फिरव, फिरव!" खरे अध्यक्ष ओरडले. फिरवलं की देणं-घेणं सुरू, थांबवलं की नाक हनुवटीकडे.

"फिरवू का थांबवू, एकदाचं ठरवा ना!" भिंगरी रडकुंडीला आली.

शेवटी कुणीतरी सभागृहातले दिवे लावले. घाम पुसत बाईंनी विषय बदलला, "साहेब, त्या खोलीचं काय? उद्याच परत घेताय ना?"

'परत' म्हणताच अख्ख्या सभागृहाच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. फोटोवाल्याने कॅमेरा सरसावला.

"परत? छे, छे!" अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले. "खोली पोरींचीच! दिलेली वस्तू मी कधी परत घेतो का?"

भिंगरीने आनंदाने टुणकन उडी मारली. तोवर मावशी व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागल्या होत्या.