पायांचं बोलायचं नाही

धुळ्याच्या भांडीबाजारात एखादी सहासष्ट वर्षांची बाई डोळे मिटून, उजवा हात सरळ लांब करून, दुकानदारावर पळी रोखून उभी दिसली तर पोलिसांना बोलावू नका. त्या आमच्या इंदूअक्का. त्या पळी विकत घेताहेत.

पद्धत ठरलेली आहे. आधी समोरची एक जागा बघून ठेवायची. मग डोळे मिटायचे, वस्तू उचलायची, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. वस्तूचं टोक त्याच जागेवर असलं तर वस्तू आपली, इकडेतिकडे गेलं तर परकी. "डोळे मिटून उचल, उघडल्यावर खरं कळतं," हे अक्कांचं वाक्य. उलथनं, छत्री, टॉर्च, सगळं त्या असंच घेतात. पुतणीसाठी स्थळ बघायला गेल्या तेव्हा मुलाकडच्यांनी म्हणे धास्तीच घेतली होती. पण तिथे त्यांनी फक्त पोह्यांचा चमचा उचलून बघितला आणि स्थळ नाकारलं.

ही सवय पिस्तुलाची. अक्का शाळेत खेळाच्या बाई होत्या आणि अठरा वर्षांपूर्वी आमच्या शूटिंग क्लबात आलेली पहिली बाई त्याच. एअर पिस्तूल, दहा मीटर अंतर, समोर कागदाचं लक्ष्य, छर्रा मधोमध लागला की दहा गुण. मी या क्लबचा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे चहा सांगायचा, कागद आणायचे, दिवे गेले की शिव्या खायच्या आणि स्पर्धेत 'स्टार्ट' आणि 'स्टॉप' ओरडायचं. या ओरडण्याचा मला फार अभिमान. माझे वडील पारोळ्याच्या मार्केट यार्डात लिलाव पुकारायचे, आवाज त्यांचा घेतलाय.

अक्कांनी तीन नंबरची जागा धरली. महिनाभरात चार नंबरवर, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला, रजनीताई येऊन उभ्या राहिल्या. या अक्कांच्या धाकट्या जाऊबाई. सोनगीरच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्यावरून दोन भावांचं फाटलं, तेव्हापासून जावाजावांचं बोलणं बंद. घरं वेगळी, हळदीकुंकू वेगळं, दळणाची गिरणीसुद्धा वेगळी. पण "तिला जमतं तर मला का नाही" म्हणून रजनीताई पिस्तूल शिकायला आल्या आणि दोघी एकमेकींपासून हाताभराच्या अंतरावर उभ्या राहू लागल्या. अठरा वर्षांपैकी सोळा वर्षं मी त्यांचा टपालवाला होतो.

"सेक्रेटरी, चार नंबरला सांग, पंखा बंद कर."

मी सांगायचो. रजनीताई माझ्याकडे बघून गोड हसायच्या, मान डोलवायच्या आणि पंखा तसाच चालू ठेवायच्या. मला वाटायचं, काय खवट बाई आहे!

स्पर्धेतही ठरलेलं नाटक. अक्का पहिल्यापासून पुढे आणि शेवटचा छर्रा हमखास वाया. सहा, नाहीतर पाच. रजनीताई एका गुणाने जिंकायच्या. अक्का पाय आपटत बाहेर जाऊन रिक्षावाल्याशी भांडायच्या. 'शेवटच्या छर्र्याला अक्कांचा हात कापतो' हे क्लबात सगळ्यांना पाठ झालं होतं. रजनीताई मात्र शिस्तीच्या. मी 'स्टॉप' म्हटलं की त्याच क्षणी त्यांचं पिस्तूल खाली. इतरांना दोनदा ओरडावं लागायचं. माझ्या आवाजाचा असा मान राखणारी बाई म्हणून मी त्यांना एका वर्षी स्वतःच्या खिशातून शिस्तीचा कप दिला.

दोन वर्षांपूर्वी रजनीताई गेल्या.  अक्का रोज सकाळी आपल्या लक्ष्याबरोबर चार नंबरवरही एक कोरा कागद लावू लागल्या. "रेंज ओसाड दिसायला नको," म्हणाल्या. कागद मला आणावे लागतात, म्हणून मी कुरकुर केली. माझी कुरकुर त्या क्लबातल्या पालीएवढीच मनावर घेतात.

मग अक्कांचा खांदा गेला. त्यांचं जुनं पिस्तूल दांड्याचं. प्रत्येक छर्र्याला बाजूचा दांडा जोर लावून ओढायचा आणि हवा दाबायची. डॉक्टर म्हणाले, आता हे बंद. नवी पिस्तुलं दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची असतात, त्यांत ओढायचं काही नाही, पण वजन वेगळं, मूठ वेगळी, घोडा वेगळा. जुन्याची मूठ अक्कांनी अठरा वर्षांत कानशीने घासून आणि पुट्टी भरून अशी केली होती की दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसायचीच नाही.

आमचे अध्यक्ष आबा म्हणाले, "या वयात नवीन पिस्तूल कशाला? त्यात शेवटच्याला हात कापतो. सन्मानाने निरोप देऊ. शाल-नारळ." शाल आणायचं काम अर्थातच माझं. आणली, कपाटात लपवली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी कपाट उघडलं.

"ही कुणाला रे?"

"तुम्हाला, अक्का. सत्कार आहे."

"मला थंडी वाजत नाही."

आबांसमोर जाऊन उभ्याच राहिल्या. आबा गडबडले आणि एक अट घालून बसले. नव्या पिस्तुलाने महिन्याभरात चाळीस छर्रे, चारशेपैकी तीनशे चाळीस गुण. जमलं तर तीन नंबर अक्कांचा, नाहीतर शाल. अक्का म्हणाल्या, "लिही रे सेक्रेटरी. आणि आबांनाही सही करायला लाव, नंतर त्यांना आठवत नाही."

पुढच्या रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून जळगावला नेलं. तिथे सुनीलभाऊ म्हणून एक जण पिस्तुलं विकतो, घराच्या मागे दहा मीटरची पडवी आहे, चालवून बघता येतात. त्याने पहिलं पिस्तूल प्रेमाने पुढे केलं. "अक्का, आजकाल सगळे हेच घेतात."

"सगळे सकाळी दात घासतात. म्हणून त्यांचा ब्रश मी तोंडात घालू?"

सुनीलभाऊने पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. अक्का उभ्या राहिल्या, लक्ष्य बघितलं, डोळे मिटले, हात उचलला, दोन श्वास. डोळे उघडले. टोक लक्ष्याच्या हातभर उजवीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"वाकडं आहे."

दुसरं दिलं. वजनाला हलकं, सुंदर, मला तर बघूनच घ्यावंसं वाटलं. डोळे मिटले, उघडले. पुन्हा कॅलेंडर. "हेही वाकडं."

सुनीलभाऊ भला माणूस. म्हणाला, "अक्का, पिस्तूल सरळ आहे. तुम्ही उभ्याच उजवीकडे वळून राहता. पाय एवढेसे डावीकडे घ्या, लगेच जुळेल."

"पायांचं बोलायचं नाही."

"अहो, दोन इंच..."

"नाही म्हणजे नाही! मूठ असेल तर दाखव, नाहीतर आम्ही भरीत खायला जातो."

त्याने नाइलाजाने कोपऱ्यातून एक तिसरं काढलं. कुणीतरी वापरून परत केलेलं, औषधाच्या बाटलीसारखं निळं, एका बाजूला ओरखडे. पण त्याच्या मुठीखाली एक स्क्रू होता, तो ढिला केला की मूठ डावी-उजवी फिरायची. अक्कांचे डोळे चमकले. त्यांनी मूठ फिरवली, डोळे मिटले, उघडले. कॅलेंडरच्या अलीकडे. पुन्हा फिरवली. सातव्या वेळेला टोक लक्ष्याच्या मधोमध.

"हे दे."

मला राहवलं नाही. "अक्का, दोन इंच पाय फिरवले तर चांगलं नवंकोरं पिस्तूल मिळतंय. हा काय हट्ट? महिन्याने तीनशे चाळीस मारायचेत!"

चिडल्या की अक्का अहिराणीवर येतात. "हात मना शे, पाय बी मना शेत. तुनं काय जास?"

माझं खरंच काही जात नव्हतं. पण मी तोंड फुगवून गाडी चालवली. धरणगावचा फाटा गेला, पारोळा गेला. अक्का मांडीवर निळा डबा घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबात लवकर गेलो. म्हटलं, खडूने अक्कांच्या पायांची जागा आखून ठेवू, मोजून दाखवू, मग तरी पटेल. तीन नंबरवर वाकलो तर आखायची गरजच नव्हती. जमिनीचा हिरवा रंग दोन ठिकाणी घासून पांढरा झाला होता. कॅनव्हासच्या बुटांचे दोन डाग, अठरा वर्षांचे. आणि दोन्ही डाग उजवीकडे वळलेले, चार नंबरकडे.

मागून अक्का आल्या. मी वाकलेलाच. आता भडका उडणार म्हणून मी डोकं खाली घातलं, पण त्या बाकावर बसल्या.

"तिला ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"चार नंबरला. दोन्ही कान. पहिल्या वर्षापासूनच कमी होत गेले, मग पूर्ण गेले. कुणाला सांगितलं नाही तिने, मला शेजारी उभं राहून कळलं. सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी तेव्हाच तिला शाल दिली असती."

मी खडू हातात घेऊन तसाच बसलो. पंखा डोक्यात फिरायला लागला. गोड हसू फिरायला लागलं.

"मग माझं 'स्टॉप'..."

"तुझं कसलं स्टॉप? मी मान हलवायची. 'स्टार्ट' म्हणालास की हनुवटी खाली, 'स्टॉप' म्हणालास की वर. ती माझ्याकडे बघूनच असायची. म्हणून जरा वळून उभं राहावं लागायचं."

"म्हणजे शेवटचा छर्रा..."

"वेळ संपत आली की एक डोळा तिच्याकडे लागायचा. नेम काय डोंबल लागणार?" अक्का एकदम ओरडल्या. "आणि जिंकायची तीच! वर तू तिला कप देतोस! शिस्तीचा!"

मी म्हटलं, "अक्का, इतकं केलं तिच्यासाठी, मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं नाही असं ठरलं होतं ना." थोडा वेळ त्या बुटाची नाडी बांधत राहिल्या, बांधलेलीच होती ती. "शेवटी दवाखान्यात गेले. म्हटलं, पुरे झालं आता, बोलू. चांगली अर्धा तास बोलले मी. विहिरीपासून सगळं. तिला कुठे ऐकू येतंय? नुसती बघत होती. मी उठले तेव्हा तिने हनुवटी वर केली. एवढी. स्टॉप."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, मलाच रागाने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता सांग, कुठे फिरवू पाय?"

मी खडू खिशात टाकला.

महिन्याने चाचणी झाली. आबा समोर खुर्ची टाकून बसले, बाजूला घडी घातलेली शाल. अक्का तीन नंबरवर, त्याच दोन पांढऱ्या डागांवर. चार नंबरवर नेहमीप्रमाणे कोरा कागद. पाचवर एक पोलिसातला गडी सराव करत होता, त्याला मी बाहेर काढलं. मी 'स्टार्ट' ओरडलो. अक्कांची हनुवटी किंचित उजवीकडे वळून खाली झाली. आता मला दिसत होतं ते. अठरा वर्षं मला काय दिसत होतं, देव जाणे.

निळं पिस्तूल पहिल्या दहा छर्र्यांत रुसलं. सात, आठ, सात. आबा शालीवरून हात फिरवू लागले. अक्कांनी पिस्तूल खाली ठेवलं, मुठीचा स्क्रू केसभर फिरवला, डोळे मिटून उचललं, उघडले. मग नऊ, नऊ, दहा, आठ, नऊ. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि पाटीवर लिहीत होतो. सदतीस छर्रे, तीनशे पंचवीस. अडतिसावा, नऊ. एकोणचाळिसावा, आठ. तीनशे बेचाळीस. अट पुरी झाली होती, एक छर्रा शिल्लक होता. अक्कांनी मान वळवून पाटी वाचली.

शेवटचं मिनिट. अक्कांचा हात वर गेला. स्थिर होता, जरासुद्धा कापत नव्हता. मग तो सावकाश उजवीकडे सरकला आणि छर्रा सुटला.

तीन नंबरच्या कागदावर काही नाही.

"बघा!" आबा म्हणाले. "शेवटचा गेलाच!"

मी 'स्टॉप' म्हणायचं विसरलो होतो. आठवल्यावर घाईने ओरडलो. अक्कांनी चार नंबरकडे बघून हनुवटी वर केली आणि पिस्तूल खाली ठेवलं.

मी चालत जाऊन चार नंबरचा कागद काढला. दहा. मधोमध. नियमाने दुसऱ्याच्या लक्ष्यावरचा छर्रा शून्य धरतात. मी अक्कांच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"हे कुणाच्या नावावर लिहू?"

"तिच्या." अक्कांनी आबांच्या शेजारची शाल उचलली, दोन घड्या घातल्या, टेबलावर पसरली आणि तिच्यावर निळं पिस्तूल ठेवलं. ओरखडे पडू नयेत म्हणून. "आयुष्यात शेवटच्या छर्र्याला दहा कधी पडलं नव्हतं बाईला. लिही. आणि जरा मोठ्या अक्षरात लिही, सेक्रेटरी, ऐकू येत नाही तिला."