बंगला एक तासावर

दोष दिनकरमामाचा. निवळ्याच्या खर्शीकर बंगल्यात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, कशानेही जा, बरोबर एक तास लागतो, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. येणारा कशावर बसलाय ते बघून बंगला तेवढ्या अंतरावर उभा राहतो. चालत निघालात तर दीड कोसावर, मोटारीने निघालात तर पार घाटाखाली. वाहन बदललं की तास पहिल्यापासून. स्टँडवर तशी पाटीच आहे.

तिथे माहिती सांगणाऱ्याची जागा निघाली होती. मुलाखत अकराला, नोकरीसोबत राहायला खोली. कॉलेज सोडल्यापासून मी मामाकडेच पडून होतो, त्यामुळे ही नोकरी माझ्याइतकीच मामालाही हवी होती.

नऊला मामाच्या स्कूटरवर निघालो. पावणेदहाला बंगल्याची कौलं दिसली. तेवढ्यात मागून सरपंचांची जीप आली.

"गुरुजी, उन्हात कुठं? बसा की!"

"मामा, नको म्हण."

"माणूस बसा म्हणतोय आणि नको म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

मामाच्या पिढीने सगळं आयुष्य या एका वाक्यावर काढलं. लग्नंसुद्धा अशीच केली. स्कूटर बाभळीला टेकवून आम्ही जीपमध्ये बसलो. बंगला शांतपणे मागे सरकत टेकडीआड गेला.

दहा मिनिटांनी सरपंच म्हणाले, "आम्ही इथं मळ्यात वळणार." उतरलो. चालायला लागलो तसा बंगला टेकडीच्या अलीकडे आला. वेळेत पोचत होतो. दहा पन्नासला फाटकावरची अक्षरं वाचता येत होती.

मग मोटार थांबली. आत संग्रहालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब. "चला, मीही तिकडेच निघालोय."

मी चालतच राहिलो. मामाने कॉलर धरून मला आत ओढलं. "अरे, मुलाखत तेच घेणार! त्यांना नाही म्हणतोस?"

आप्पासाहेबांचा तास पाच मिनिटांत भरला. ते फाटकाशी उतरले. मागच्या सीटवर आमची पंचावन्न मिनिटं बाकी होती. आमच्या बाजूच्या काचेतून अजून घाटाचा रस्ताच दिसत होता.

अकराला शिपायाने ओसरीवरून नाव पुकारलं, "विक्रांत निगडे!"

"हजर!" मी मोटारीतून ओरडलो.

आप्पासाहेब परत आले, खिडकीशी वाकले. "हजर कुठे? तू वाटेत आहेस."

"साहेब, तुम्ही माझ्यापासून हातभर लांब आहात."

"मी पोचलोय. नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी माझ्या नावापुढे 'वाटेत' असं लिहिलं.

"बघ," मामा म्हणाला, "किती सज्जन माणूस. स्वतः येऊन सांगितलं."

अकरा पन्नासला आम्ही पोचलो. जागा भरली होती. चहा घेणार का, असं शिपायाने विचारलं. मामा नाही म्हणाला नाही.

नेमलेला माणूस तेवीस वर्षांचा आहे, साठीला निवृत्त होईल. तोवर मामाच्या पुढच्या खोलीत मी राहतो. मामा स्वयंपाकघरात झोपतो.