चामड्याची पट्टी

पिपरी मेघेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वामनकाकांकडे गेलात, तर चहाच्या आधी तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं. मागे सॅक्सोफोन वाजतो. जरा थांबून तेच पुन्हा वाजतं. मग प्रश्न येतो, "सांग गा, आता पट्टी कोणती होती?"

सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, फुंकरीनं थरथरणारी. तिला जागेवर आवळून धरते ती पट्टी. एवढीशी वस्तू, पण काकांनी हयात तिच्यापायी घालवली. दिवसा कचेरीत कारकुनी, लग्नसराईत वरातीचा बँड आणि उरलेल्या वेळात पट्ट्या. पितळेची म्हणे करकरीत वाजते, चामड्याची मऊ. एकदा तर त्यांनी गॅसच्या नळीची क्लिप काढून लावली. दोन दिवस काकूंचा स्वयंपाक आमच्या घरी झाला.

मला सगळ्या पट्ट्या सारख्याच वाटत. तसं म्हटलं की काका भडकत. "तुले कान नाईत, नुसते भोकं हायेत!" मग आतल्या खोलीकडे वळून विचारत, "कुसुम, कोणती?"

भाजी चिरता चिरता काकू सांगत, "चामड्याची." कधी चुकल्या नाहीत. काका माझ्याकडे असे बघत, जणू मी सातवीत नापास झालोय.

पुढे वरातींत डीजे आले आणि बँड मोडला. काका घरातच वाजवू लागले. ऐकायला काकू तेवढ्या उरल्या.

मागच्या वर्षी त्या आजारी पडल्या. दवाखान्यात एका दुपारी काका औषधं आणायला खाली गेले, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं.

"मले काय समजते बाबू? चामड्याची लावली का हे आधी खाकरते. मी तेवढंच ऐकतो. ह्यायले सांगू नको, लय वाईट वाटन."

चार दिवसांनी काकू गेल्या.

तेव्हापासून काका येईल त्याला भिंतीकडे बसवतात. दूधवाला बसला, मीटर बघायला आलेला माणूस बसला. कोणालाच सांगता येईना. हळूहळू लोक दारावरूनच परतू लागले. मला त्यांचा राग येई, आणि स्वतःचा जास्त, कारण महिनाभर मीही टाळत होतो.

परवा गेलो. न सांगता भिंतीकडे बसलो. मागे काका खाकरले, मग वाजलं.

"सांग."

"चामड्याची."

खूश झाले असतील म्हणून वळलो, तर सॅक्सोफोन मांडीवर आडवा आणि काका खाली बघत होते.

"तिनं सांगतलं ना तुले?"

मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो.

"सुरवातीले दोनदा चुकली ते. एवढंसं तोंड झालं तिचं. तवापासून मी खाकरत होतो. तिले वाटे मले मालूम नाई." ते पट्टीचा स्क्रू उगाच ढिला करत राहिले. "फरक हाये बाप्पा. खोटं नाई सांगत. पण तो मले एकट्यालेच ऐकू येते."

एकदम त्यांनी मान वर केली.

"म्हंजे मी आजबी खाकरलो?"

मी मान डोलावली. काका आतल्या खोलीकडे बघत राहिले. मग मीच उठून आत गेलो आणि चहा ठेवला.