सोनकीच्या आईची तहान

बाळांनो, सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जायला हवं. एका जंगलात एक शाळा होती. जंगल कुठलं हे नकाशात शोधू नका. तुमच्या घरापासून ते फार लांब नाही.

शाळा मोहाच्या झाडाखाली भरायची. मुख्याध्यापक गवा होते. ते अंगाने थोर होते, म्हणून विचारांनीही थोर असणार असं सगळे धरून चालायचे.

एके दिवशी वरून आदेश आला. वरून म्हणजे टेकडीवरून, जिथे वाघमहाराज राहायचे तिथून. यंदा तिसरीतल्या प्रत्येक मुलाने कविता लिहावी आणि जंगलात सर्जनशीलता वाढवावी, असा आदेश होता. सर्जनशीलता म्हणजे काय ते गवासरांना ठाऊक नव्हतं. पण ती वाढवायची आहे, एवढं त्यांना नीट कळलं.

त्यांनी तिसरीच्या टिटवीबाईंना बोलावलं.

"बाई, मुलांकडून कविता करून घ्या. सोप्या हव्यात. ओळींचे शेवट जुळले पाहिजेत. विषय चंद्र, फुलपाखरू, नाहीतर महाराजांचे उपकार."

"बरं, सर," बाई म्हणाल्या.

पण टिटवीची जात तुम्हाला माहीतच आहे. दिसलं ते ओरडून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "पोरांनो, जुळवाजुळव मागून बघू. आज सकाळपासून तुम्ही काय काय पाहिलंत? जे पाहिलं तेच लिहा. आपल्या शब्दांत, थोडक्यात. झाली कविता."

"बाई, खोटं काहीच नाही घालायचं?" माकडाच्या पोराने विचारलं.

"काहीच नाही."

"मग ती कसली कविता!"

तरीही पोरं लिहायला बसली. सशाच्या पिल्लाने लिहिलं, 'माझे कान लांब आहेत. म्हणून भीती मला आधी ऐकू येते.' माकडाच्या पोराने लिहिलं, 'आज मी पडलो. कुणी पाहिलं नाही. म्हणून रडलो नाही.' बाईंनी दोघांचीही पाठ थोपटली.

वर्गात सोनकी नावाची भेकराची पोर होती. ती कुणाशी फारसं बोलायची नाही. तिने बाईंसमोर आपला कागद ठेवला.

पाणवठ्यावर वाघ बसतो.
आम्ही झुडपातून परत येतो.
आई म्हणते, मला तहान नाही.
तिची जीभ पानासारखी वाळली आहे.

टिटवीबाई गप्प झाल्या. टिटवी गप्प होणं ही जंगलात बातमीच असते.

"जुळत नाही का, बाई?" सोनकीने घाबरून विचारलं.

"जुळलंय गं," बाई म्हणाल्या. "अगदी जुळलंय."

त्यांच्या मनात एक वेडी आशा आली. स्नेहसंमेलनाला वाघमहाराज येणार होते. त्यांनी ही कविता एकदा ऐकली, तर निदान दुपारपुरता तरी पाणवठा मोकळा करतील. माणसं असा विचार करत नाहीत, पण टिटव्या करतात.

गवासरांनी कविता वाचली आणि त्यांना घाम फुटला.

"वाघ बसतो? बसतो? अहो बाई, 'विराजमान होतात' म्हणा! आणि ही पोर मंचावर दिसता कामा नये. मोर म्हणेल चंद्राची कविता."

संमेलनाच्या दिवशी मोर पिसारा सावरत होता. तेवढ्यात बाईंनी सोनकीला हळूच पुढे ढकललं. सगळ्यात मागे तिची आई उभी होती. सोनकीने तिच्याकडे बघत चारही ओळी म्हणून टाकल्या.

गवासरांनी डोळे मिटून घेतले.

वाघमहाराजांनी पंजाने डोळे पुसले.

"वा!" ते म्हणाले. "काय तहान आहे! आमच्या जंगलात इतकी सुंदर तहान आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोनकीच्या अंगावर शाल आली. ती शालीत पार बुडून गेली. आतूनच तिने विचारलं, "महाराज, मग उद्या आईने पाणी प्यायला यायचं ना?"

महाराज खूप हसले.

"गोड आहे पोर," ते म्हणाले, आणि पाणवठ्यावर निघून गेले. कौतुक करून त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

पुढच्या सत्रात कविता पाठ्यपुस्तकात आली. शब्दांना हात लावायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. म्हणून डॉक्टर वटवाघूळ यांनी फक्त अर्थाला हात लावला. ते मोठे विद्वान होते. सगळं वाचन उलटं लटकून करायचे. त्यांच्या मते वाघ पाण्याची राखण करतो, भेकरं त्याचा मान राखून मागे फिरतात, आणि आई ही त्यागमूर्ती आहे.

परीक्षेत प्रश्न आला, 'आई पाणी का पीत नाही?'

सोनकीने लिहिलं, 'वाघ खाईल म्हणून.'

टिटवीबाईंनी पूर्ण गुण दिले. गवासरांनी ते खोडून भोपळा काढला.

"सर, कविता तिची आहे," बाई म्हणाल्या.

"कविता तिची असेल. प्रश्न आमचा आहे."

"अहो, आई तिची आहे!"

"बाई, पेपर तपासताना इतकं हळवं होऊन चालत नाही."

आठवड्याभरात बाईंची बदली झाली. उघड्या माळावरच्या एका शाळेत त्यांना पाठवलं. तिथे विद्यार्थी नव्हते, त्यामुळे शिकवण्याचं पूर्ण स्वातंत्र्य होतं.

सोनकी घरी येऊन रडली. आईने तिला चाटलं. जीभ इतकी कोरडी होती की सोनकीला ती टोचली.

"काय लिहायला हवं होतं म्हणे?" आईने विचारलं.

"त्यागमूर्ती."

"मग तेच लिही, बाळा. तुला शाळेत राहायचंय."

फेरपरीक्षेत सोनकीने तेच लिहिलं. ती पहिली आली.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी आईला राहवलं नाही. सोनकी शाळेत असताना ती पाणवठ्यावर गेली. परत आली नाही.

शाळेने शोकसभा घेतली. सगळ्या वर्गांनी मिळून ती कविता सुरात म्हटली. चाल गवासरांनी स्वतः लावली होती. तिसऱ्या ओळीवर टाळी होती. सोनकीही ओळीत उभी होती. तिने टाळी वाजवली नाही, तेव्हा शेजारच्याने तिला कोपराने ढोसलं. मग वाजवली.

त्यानंतर तिने आणखी एक कविता लिहिली.

चंद्र दिसतो गोल गोल,
महाराज आमुचे अनमोल.

गवासरांना भरून आलं. "आता आली पोर वळणावर!" ते म्हणाले, आणि त्यांनी दहापैकी दहा गुण दिले.

तात्पर्य: मुलांनो, मनापासून लिहिलेल्या कवितेने वाघाच्याही डोळ्यांत पाणी येतं. ज्यांना तहान लागली असेल त्यांनी ते प्यावं, उगाच पाणवठ्यावर गर्दी करू नये.