कावळ्यासमोर कबूल केलेलं नेट

बिघडलेला कॉम्प्युटर माझ्यासमोर आणा, चालू करून देतो! हे मी आजवर पुष्कळांना सांगितलंय आणि बहुतेकदा करूनही दाखवलंय. फक्त एकदा हे मी एका कावळ्याला सांगितलं, आणि तिथे फसलो.

माझे सासरे, सहादू आप्पा, गेले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी काढलेला माणूस. दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर जमलो. पिंड मांडले, हात जोडले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. समोरच्या कठड्यावर कावळा होता, पण पंचवटीतला कावळा तो! सकाळपासून त्याची कितवी पंगत होती, देव जाणे.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला मोकळेपणाने."

"आप्पा, आईला मी सांभाळीन!" माझा मेहुणा गोरक्ष गहिवरून म्हणाला. कावळ्याने चोच घासली.

"आप्पा, पेरूचं झाड तोडू देणार नाही!" हर्षाली, म्हणजे माझी बायको, रडत म्हणाली. कावळ्याने पाठ फिरवली.

"आप्पा, तंबाखू सोडतो!" गोरक्ष ओरडला. त्याची बायकोसुद्धा चकित झाली. कावळा ढिम्म!

गुरुजींनी मागची रांग बघितली. "दर्भाचा कावळा करून घेऊ का?"

"नाय!" सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "खराच पायजे. त्यांनी जल्मात डुप्लिकेट वस्तू घरात आणली नाय."

मी अनवाणी होतो. फरशी तापली होती, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि तरीही मला आप्पांचा खरोखर उमाळा आला, हे कृपया नोंदवून घ्या. मी पुढे होऊन मोठ्याने बोललो, "आप्पा, तुमच्या लॅपटॉपला तुमच्याच फोनच्या तारेवरून नेट लावून देतो! माझा शब्द!"

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला!

सगळ्यांनी हात जोडले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत कामाला आहे. आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक जुना लॅपटॉप लिनक्स घालून दिला होता. त्या काळी नेट घरच्या फोनवरून लागायचं. मोडेम नावाची डबी फोनच्या तारेला जोडायची, ती फोन कंपनीचा नंबर फिरवायची, किंचाळायची, आणि नेट सुरू व्हायचं. पुढे घरोघरी मोबाईलचं नेट आलं आणि कंपनीने ती सोय गुंडाळली. आप्पांना ते मान्य नव्हतं.

"हवेतून येणारं नेट काय कामाचं?" ते म्हणायचे. "तारेतून आलं म्हंजी कुठून आलं ते कळतं."

"आप्पा, ती सेवा बंद झाली."

"बंद नाय, फॉल्ट हाय. फॉल्ट सापडतो, अमोलराव!"

आणि ते रोज सकाळी फॉल्ट शोधायला बसायचे. जायच्या आदल्या सकाळपर्यंत!

रामकुंडावरून एकलहऱ्याला घरी आलो. सगळे जेवले. सासूबाईंनी, म्हणजे मी त्यांना मामी म्हणतो, दोन घास खाल्ले. हर्षालीने पुढे केलेला चहा मात्र त्यांनी सारून ठेवला.

"आई, घे ना."

"अमोलरावांनी शब्द दिलाय. तो पुरा झाल्याबिगर चहा नाय."

ज्या बाईचा दिवस चहाशिवाय उजाडत नसे, तिने चहा सोडला! गोरक्षने मला बाजूला घेतलं. "दाजी, तेराव्यापर्यंत काय बी करा. आई आधीच अर्धी झालीय."

मी बाह्या सरसावल्या. लॅपटॉप उघडला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मागे जमलेल्या भाऊबंदांनी टोप्या काढल्या. मी हुकूम दिला. उत्तर आलं, डायल टोन नाही! फाइल बदलली. डायल टोन नाही! मोबाईलवर जुन्या चर्चा वाचल्या, दुसरी फाइल बदलली, मशीन बंद करून चालू केलं. डायल टोन नाही!

"दाजी," गोरक्ष खाकरला, "फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलाय. दुखवट्याच्या घरात वाजू नये म्हनून."

रिसीव्हर जागेवर ठेवला. भाऊबंदांनी टोप्या पुन्हा घातल्या. माझ्या शिक्षणाबद्दल कोणी काही बोललं नाही, पण विचार ऐकू येत होते.

आता मोडेमने टोन धरला, टुक टुक टुक नंबर फिरवला, शीळ घातली. आणि लॅपटॉपमधून एक बाई अतिशय सभ्यपणे म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मामींनी आधण ठेवलं होतं! मग कपाळाला हात लावून त्यांनीच गॅस बंद केला. मी माझ्या तंद्रीत होतो, तिकडे नीट लक्ष दिलं नाही.

कंपनीचा नंबर नाही तर नाही! मी एक जबरदस्त युक्ती काढली. माझ्या नाशिकच्या घरी फोन आहे आणि कपाटात दुसरा जुना मोडेम आहे. आप्पांच्या लॅपटॉपने माझ्या घरी फोन लावायचा, तिथला मोडेम तो उचलेल आणि माझ्या घरचं नेट तारेतून इकडे पाठवेल. कावळ्याला हरकत घ्यायला जागाच नाही! गोरक्षने हर्षालीला गाडीवर बसवून घरी नेलं. काय कुठे जोडायचं ते मी तिला चित्र काढून दिलं होतं.

अर्ध्या तासाने तिचा मोबाईलवरून फोन आला, "पोचले. जोडते." मी घाईला आलेला माणूस! लगेच नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजली आणि उचलली गेली. पण किंकाळी ऐकू आलीच नाही.

"आप्पा?" लॅपटॉपमधून हर्षालीचा आवाज आला.

मोडेम जोडायच्या आतच फोन वाजला होता, फोनच्या छोट्या पडद्यावर माहेरचा नंबर दिसला होता, आणि तिचा हात सवयीने गेला होता. इकडून मोडेमची शीळ गेली. टीऽऽ. टीऽऽ.

"आप्पा, तुम्ही नाही हे कळतंय मला," ती म्हणाली. "पण नंबर तुमचा दिसला ना! आप्पा, आई चहा घेत नाही हो. तुम्ही सांगा तिला. तुमचंच ऐकते ती."

टीऽऽ.

"हर्षे, अगं हर्षे!" मामी धावत आल्या आणि लॅपटॉपशी बोलू लागल्या. पण तिकडे ऐकू जाणार नव्हतं. मग मोडेमने कंटाळून फोन ठेवला. भाऊबंदांच्या टोप्या पुन्हा हातात आल्या होत्या. माझेही डोळे भरले होते.

"मामी, दहा मिनिटं द्या," मी डोळे पुसत म्हणालो. "आता ती मोडेम जोडेल आणि नेट लागेलच."

"आन् लागल्यावर हा आवाज?"

"बंद होतो. नेट लागलं की मोडेम गप्प."

मामी पदराशी चाळा करत राहिल्या. "अमोलराव, ते रोज सकाळी हे लावायचे. टुक टुक व्हायचं, शीळ व्हायची, ती बाई बोलायची. ती बोलली की मी चहा टाकायचे, आन् ते म्हनायचे, आन गं, आज बी फॉल्टच हाय! नेट लागलं असतं तर माझ्याकडं कशाला बघितलं असतं त्यांनी? नका लावू नेट. ती बाई लावा परत."

मी जुना नंबर लावला. बाई बोलली. मामींनी गॅस पेटवला, कपभर चहा केला आणि माझ्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

आता लॅपटॉप रोज सकाळी आपोआप तो नंबर फिरवतो. तेवढी ओळ मी त्यात लिहून ठेवली आहे. मधूनच मामींचा फोन येतो, "अमोलराव, फॉल्ट नीट चालू हाय बरं का!" सगळ्या नोकरीत इतकी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पण नेट काही अजून लागलेलं नाही. मग शब्द पाळला की मोडला? ते त्या कावळ्यालाच विचारावं लागेल, आणि हल्ली मी कावळ्यासमोर तोंड उघडत नाही!